शंभरात तीन

लोकर कातरायच्या शेडच्या मागच्या भिंतीवर
मी ओळंबा सोडलाय.
त्याला लागून मोजपट्टी, खिळ्याला टांगलेली,
आणि बरोबर शंभर मीटरवर
(टेपनं दोनदा मोजले, मधे मेंढ्या घुसल्या म्हणून तिसऱ्यांदा)
सुताराच्या शिकंज्यात आवळलेली रायफल.
गोळी नाही. चेंबर उघडं.
आज फक्त दुर्बिणीची साक्ष काढायची आहे.

एप्रिल आहे. लिंडिसच्या उतारांवर गवताचे झुपके
जुन्या दोरखंडाच्या रंगाचे.
रात्री नर डरकतात खालच्या बीचच्या रानात,
त्या आवाजानं कुत्रीसुद्धा अंग आखडून घेते.

गेल्या साली याच दिवसांत
सहाशे वीस मीटरवर ती उभी होती, आडवी,
वारा पडलेला, ऊन तिच्या पाठीवर.
मी तक्ता पाहिला, शेहेचाळीस क्लिक फिरवले,
श्वास अर्धा सोडला.
गोळी खाली लागली. पुढचा पाय.
तीन पायांवर ती दरीच्या पलीकडच्या अंगाला गेली
आणि आम्ही अंधारात टॉर्च धरून
दगडादगडावर तिचे थेंब वाचत राहिलो
नदीपर्यंत.
नदीनं पुढचं काही सांगितलं नाही.

रटलेज म्हणाला, "तुझा हात हलला, नायरी."
मी मान्य केलं.
मग वर्षभर त्या हाताला शिक्षा:
रोज रात्री रिकामी रायफल,
किटलीच्या झाकणावरच्या बोंडावर नेम,
बोंड हलेनासं होईपर्यंत.

आता हातमोजा काढून चकती फिरवते.
एक. दोन. प्रत्येक क्लिक स्वच्छ,
चांगल्या कुलपासारखा.
दहा क्लिकला दहा सेंटिमीटर, जवळजवळ.
तिसाला केसभर कमी. वाटलं, माझाच डोळा.
साठाला डोळ्याला दोष देता येईना.
शंभराला काळी रेघ थांबली
सत्त्याण्णववर.

तसूभर.
तसूभराहून थोडं जास्तच.

शून्यावर परत आणली. आली, अचूक, बिनबोभाट.
पुन्हा शंभर: पुन्हा सत्त्याण्णव.
पाच वेळा तेच.
हीच तर गोम.
दर वेळी घरी वेळेवर परतते,
म्हणून कुणी विचारलंच नाही
की गेली होतीस कुठवर.

जवळच्या कामात हे खोटं चिमटीतही सापडत नाही.
सहाशे वीसवर ते साडेआठ सेंटिमीटर होतं.
पाकिटाच्या मागे हिशोब केला
आणि तेवढं अंतर
माझ्या बरगड्यांवरून बोटानं खाली मोजून पाहिलं.

टिमारूला गेले. रटलेज खिडकीपाशी,
डोळ्यांत सारा आलेला, मांडीवर संत्र्याची सालं.
सांगितलं. शंभरात तीन.
"म्हणजे हात हलला नव्हता," तो म्हणाला.
मला हेच ऐकायचं होतं वर्षभर,
आणि ऐकल्यावर काहीच झालं नाही.
त्यानं एक फोड सोलली, तशीच ठेवली.
"चकती हातानंच फिरवलीस ना. कधी तपासली होतीस?"
"नाही."
"मीही नाही. बेचाळीस वर्षं."
मग बराच वेळ तो काहीतरी मोजत बसला.
ओठ हलत होते.
मी आकडा विचारला नाही.

दस्त्यावर पांढरी पट्टी चिकटवलीय,
तिच्यावर पेन्सिलीनं शून्य दशांश सत्त्याण्णव.
आता शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस क्लिक
आणि थोडं.
ते थोडं चकतीत नाही.
दोन क्लिकांच्या मधे कुठंतरी आहे,
तिथं बोट थांबत नाही.

तेवढं मी चालणार आहे.
कोपरांवर, काट्यांतून, वारा तोंडावर घेत
तीनशेच्या आत,
जिथं तिचे कान हलताना दिसतात
आणि ती मला दिसू शकते.

शिकंजा सोडवला, पट्टी गुंडाळली.
ओळंबा राहिला भिंतीवर.
दुपारनंतर वारा सुटला
तेव्हा तोही जरा हलत होता.